तुळसा सायाळीचा तीनपदरी पडदा

एका जंगलात कलादालन नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, बालमित्रांनो. पुढे गोष्टीत कलादालन येणार आहे, आणि मग तुम्हाला वाटेल की ते पहिल्यापासूनच होतं.

या जंगलाचा राजा वाघ होता. दर सोमवारी सकाळी तो दरबार भरवायचा आणि प्रजेची गाऱ्हाणी ऐकायचा. अगदी मनापासून ऐकायचा. मान डोलवायचा, मध्येच "अरेरे" म्हणायचा. फक्त गाऱ्हाणं संपता संपता त्याचा उजवा पंजा आपोआप पुढे जायचा, आणि गाऱ्हाण्याबरोबर गाऱ्हाणं सांगणाराही संपायचा.

महाराजांना याचं फार वाईट वाटे. "मी काही मुद्दाम करत नाही हो," मिशा पुसत ते म्हणायचे. "हाताला वळणच लागलंय तसं."

कोल्हा त्यांचा दिवाण होता. तो वहीत लिहायचा, 'गाऱ्हाणं निकाली'. त्याला खोटं म्हणता येणार नाही.

याच जंगलात तुळसा नावाची सायाळ राहायची. सायाळ म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, तोंडाने फटकळ, पण शिवणकामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आपल्याच पाठीवरचा एक काटा उपटायचा, त्याची सुई करायची आणि बसायचं. जंगलातल्या पत्रावळी, टोपल्यांची झाकणं, पिल्लांची अंथरुणं, सगळं तिच्याकडे यायचं.

तिच्या शेजारी गजरा नावाची ससुली राहायची. एकदा गजराला काही गाऱ्हाणं होतं आणि ती जाऊ की नको करत होती. तेव्हा वहीतल्या 'निकाली'वर विश्वास ठेवून तुळसाच तिला म्हणाली, "अगं, जा की. महाराज ऐकून घेतात." गजरा गेली. महाराजांनी ऐकून घेतलं. गजरा परत आली नाही. तिची मुलगी शेवंता तेव्हा एवढीशी होती, आणि ती दिवस मावळेपर्यंत वाटेकडे तोंड करून बसून राहिली.

ते तुळसाच्या मनाला इतकं लागलं की तिने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. आपणच पाठवलं, हे काही केल्या तिच्या डोक्यातून जाईना. तिसऱ्या दिवशी ती उठली. महाराज ज्या सागाच्या बुंध्यावर नखं घासायचे, तिथे गेली आणि ओरखडे मोजून आली. पंजा केवढा आणि तो पोचतो किती लांब, दोन्ही मापं घेतली. मग कामाला लागली.

तिने पळसाच्या पानांचे तीन मोठे पडदे शिवले. बांबूच्या चौकटीत ते एकामागे एक ताणून बसवले, मध्ये वीत वीत जागा सोडून. तिन्हींना भोकं पाडली, पण समोरासमोर नाही. महाराजांच्या बाजूचं भोक मोठं आणि लांबट, मधलं त्याहून लहान आणि जरा डावीकडे, आणि प्रजेच्या बाजूचं अगदी तोंडापुरतं. आवाज वळणं घेत पलीकडे जायचा. पंजा मात्र मधल्या पडद्यावर आपटायचा.

शेवटी तिने तिन्ही पडद्यांना गेरू फासला. एकच रंग, एकाच हाताने. का, तर पानं वाळली की एक पिवळं पडतं, एक तपकिरी, आणि रंग वेगळे दिसले की कुठला पडदा जवळ, कुठला लांब, ते कळतं. सगळं एका रंगात असलं की डोळा फसतो. भोकात भोक दिसतं, पण ते चार बोटांवर आहे की चार हातांवर, याचा काही पत्ता लागत नाही. पहिल्या सोमवारी महाराजांनी तीनदा अंदाज घेतला, तीनदा चुकले आणि मग नाद सोडला.

तेव्हापासून सगळं सुरळीत झालं. प्रजा पडद्याआडून बोलायची, महाराज ऐकून हुकूम द्यायचे, आणि प्रजा आपल्या पायांनी घरी जायची. महाराजांची शिकार इतरत्र चालूच होती, त्यामुळे त्यांचीही काही तक्रार नव्हती. तुळसा दर पावसाळ्यानंतर फाटकी पानं बदलायची आणि गेरूचा नवा हात द्यायची; तिच्या काट्यांनाही तो लागून राहायचा. याला कुणी काही नाव दिलं नव्हतं. पडदा म्हणायचे.

मग एका थंडीत तळ्यावर एक करकोचा उतरला.

करकोचे दरवर्षीच येतात. मासे खातात आणि जातात. हा मासे खाऊन झाल्यावर बोलायचाही. समुद्रापलीकडे बुटाच्या आकाराचा एक देश आहे, तिथून मी आलो, असं सांगायचा. बोलताना एका पायावर उभा राहून डोळे मिटून घ्यायचा, त्यामुळे तो खरोखरच विचार करतोय असं वाटायचं. आठ दिवसांत जंगल त्याला श्रीयुत करकोचे म्हणू लागलं.

एका सोमवारी श्रीयुत करकोचे दरबार बघायला गेले. महाराजांच्या शेजारी उभे राहिले, समोर पाहिलं आणि त्यांची चोच उघडीच राहिली.

"हे कुणी केलं?"

"तुळसा सायाळीने," दिवाणजी म्हणाले. "का? काही चुकलंय का?"

"चुकलंय?" करकोच्यांनी दुसराही पाय खाली टेकला. प्रकरण गंभीर होतं. "अहो दिवाणजी, तिकडे मोठी लढाई झाली. शहरंच्या शहरं पडली. लढाई संपल्यावर तिथले तरुण चित्रकार म्हणाले, पुरे झाली झाडं, पुरे झाले डोंगर, राण्यांची तोंडंही पुरे. एक रंग घ्यायचा. कापडामागे कापड ताणायचं. त्याला भोकं पाडायची आणि मागची पोकळी दाखवायची. चित्र म्हणजे काय, तर जागा! अशी एकेक कलाकृती बघायला लोक रांगा लावतात. आणि तुम्ही तिच्याआडून भांडणं सोडवताय!"

दिवाणजी एकदम ओशाळले. इतकी वर्षं आपण मोत्यांचा हार कपडे वाळत घालायला वापरतोय, तसं काहीतरी त्यांना वाटलं.

"मला तर नेहमीच वाटायचं, की यात काहीतरी आहे," महाराज म्हणाले. खरं म्हणजे त्यांना नेहमी वाटायचं, की यापलीकडे कुणीतरी आहे. पण तेवढ्याने काय बिघडतं?

आठवड्याच्या आत कलासमिती स्थापन झाली. अध्यक्ष महाराज, चिटणीस दिवाणजी, सल्लागार श्रीयुत करकोचे. तुळसाला कुणी बोलावलं नाही. ती पडली कलाकार, तिला समितीत घेऊन करायचं काय?

समितीने पडदा दरबारातून उतरवला आणि टेकडीच्या गुहेत नेऊन लावला. गुहेला कलादालन म्हणायचं ठरलं. पडद्यापासून पाच हातांवर वेलीची दोरी बांधली आणि पाटी लावली, 'हात लावू नये'. आता या पाटीत तुम्हाला गंमत वाटेल, मुलांनो. जी वस्तू महाराजांचा हात लागावा म्हणूनच केलेली होती, तिला हात लावायला बंदी आली.

तुळसा धापा टाकत गुहेशी पोचली.

"अहो, पडदा इथं कशाला आणलात? येत्या सोमवारी आमच्या शेवंताचं गाऱ्हाणं आहे!"

शेवंता म्हणजे तीच, गजराची मुलगी. आता ती मोठी झाली होती, तिला चार पिल्लं होती. आणि गाऱ्हाणं साधं नव्हतं. थंडीत ओढा आटल्यावर लहान जनावरांना एकच पाणवठा उरतो, आणि त्यात या वर्षी रानडुकरांनी लोळण घ्यायला सुरुवात केली होती. पाण्याचा पार राडा झाला होता. जवळ जावं तर डुकरं अंगावर यायची. शेवंताची पिल्लं पहाटे गवतावरचं दव चाटून दिवस काढत होती, आणि सर्वांत धाकट्याला तर मानही धरवत नव्हती. डुकरांना उठवू शकेल असा जंगलात एकच जण होता, आणि तो म्हणजे महाराज.

"बाई," करकोचे समजुतीच्या सुरात म्हणाले, "तो पडदा होता. आता ती कृती आहे."

"बरं, कृती तर कृती. सोमवारी सकाळपुरती द्या. दुपारी मी स्वतः आणून लावते."

"वापरायची?" करकोच्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांना त्रास झालेला स्पष्ट दिसत होता.

"मग मी दुसरा शिवते. पानं आहेत, गेरू आहे, पाठीवर काटे आहेत. दोन दिवसांचं काम."

"खबरदार! दुसरी केलीत तर ही एकमेव कशी राहील?"

दिवाणजींनी तयारच असलेला कागद काढला. तीन थर, भोकं आणि एकच रंग या गोष्टी एकत्र करायला जंगलात सर्वांना मनाई, असं त्यावर लिहिलं होतं.

"सर्वांना म्हणजे? मलासुद्धा?"

"विशेषतः तुम्हाला," दिवाणजी म्हणाले. "बाकीच्यांना येतंय कुठे?"

मग त्यांनी शाल आणि नारळ देऊन तुळसाचा सत्कार केला. शाल काट्यांत अडकली ती अडकलीच. दोघांनी ओढून काढली तेव्हा तिच्यात इतकी भोकं पडली होती, की करकोचे तिच्याकडेही जरा वेळ बघत राहिले.

तुळसा घरी आली. रागाने तिचे काटे सळसळत होते. पण ती बसून राहणारी नव्हती. तिने विचार केला, पडदा दरबारात येत नाही, पण रविवारी कलादालनाचं उद्घाटन आहे आणि महाराज पडद्यापुढे येणारच आहेत. मग दरबार भरण्यात आणि यात फरक काय राहिला?

रविवारी सकाळी तिने शेवंताला गुहेच्या मागच्या फटीतून आत घेतलं आणि पडद्यामागे उभं केलं.

"मावशी, भीती वाटते गं," शेवंता म्हणाली.

"मी शिवलाय तो. तीन पदर आहेत मध्ये. तू फक्त बोल."

उद्घाटनाला सगळं जंगल लोटलं. रानडुकरं पहिल्या रांगेत होती. त्यांच्या अंगावरचा चिखल अजून ओला होता. करकोच्यांनी एका पायावर तासभर भाषण केलं. "एक थर म्हणजे भिंत," ते म्हणाले. "दोन थर म्हणजे सजावट. तिसरा थर आला की कला सुरू होते! तिसऱ्या थराशिवाय कृती नाही, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन." सगळ्यांनी माना डोलावल्या. न डोलावून करतात काय?

मग महाराज दोरीपाशी आले आणि भोकातल्या भोकात पाहू लागले. आणि आतून बारीक आवाज आला.

"महाराज, आम्हाला पाणी नाही. डुकरांनी पाणवठा बळकावलाय. माझी पिल्लं दव चाटतायत. धाकटं आता उठतसुद्धा नाही. महाराज, डुकरांना उठवा."

सगळ्यांनी कान टवकारले.

"पोकळी बोलते आहे!" करकोचे कुजबुजले.

महाराजांच्या डोळ्यांना धार लागली. "काय ती तहान!" ते म्हणाले. "काय तो आवाज! अगदी काळजाला हात घातला." आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. सर्वांत जोरात रानडुकरांनी वाजवल्या. त्यांचा म्होरक्या तर म्हणाला, "आमचा उल्लेख फार ताकदीने आलाय." नंतर अल्पोपाहार झाला आणि मंडळी पांगली.

शेवंता मागच्या फटीतून बाहेर आली.

"मावशी, महाराजांनी ऐकलं का गं?"

"ऐकलं."

"मग काय म्हणाले?"

"रडले."

"आणि पाणी?"

तुळसाला स्वतःचीच लाज वाटली. इतक्या कष्टाने शिवलेली वस्तू, तिच्याआडून आजवर शेकडो गाऱ्हाणी सुटली, आणि आज तिच्यातूनच बोललेलं एक अक्षर कुणाला कळलं नाही. पूर्वी महाराज गाऱ्हाणं सांगणाऱ्याला खायचे. आता गाऱ्हाणंच गट्ट करून ढेकर देत होते.

"मी उद्या दरबारात जाते," शेवंता म्हणाली. "पडदा नसला तर नसला. परवापर्यंत धाकटा राहायचा नाही."

तुळसाने तिच्याकडे पाहिलं. शेवंताची मान, तिचे कान, सगळं गजराचंच होतं. 'जा' असं तिने एकदा म्हटलं होतं. पुन्हा ती ते म्हणणार नव्हती.

"आपण जाऊ," ती म्हणाली. "आणि तू माझ्या पुढे पाऊल टाकायचं नाहीस."

सोमवारी दरबार भरला. पडदा नाही म्हणताना गाऱ्हाणी घेऊन कुणी आलंच नव्हतं, आणि दिवाणजींनी वहीत 'प्रजा समाधानी' असं लिहून टाकलं होतं. एवढ्यात तुळसा आली. तिच्यामागे शेवंता.

"या, या," महाराज प्रेमाने म्हणाले. "अशा जवळ या. मी काही करणार नाही."

शेवंताने कालचंच सगळं पुन्हा सांगितलं. पाणवठा, डुकरं, धाकटं पिल्लू. महाराज मान डोलवत होते. "अरेरे," ते म्हणाले, आणि त्यांचा उजवा पंजा आपोआप पुढे निघाला.

दरबारात महाराजांकडे पाठ करायची नाही असा कडक नियम होता. तुळसाने गर्रकन पाठ केली, काटे फुलवले आणि दोन पावलं मागे सरली.

अशी डरकाळी त्या जंगलाने कधी ऐकली नव्हती. महाराजांच्या पंजात सात काटे रुतले होते. महाराज तीन पायांवर नाचत होते, दिवाणजी टेबलाखाली गेले होते.

"काढ! काढ ते!" महाराज ओरडले.

"काढते की," तुळसा म्हणाली. "मला काढता येतात, दुसऱ्या कुणाला येत नाहीत. आधी पाणवठ्याचा हुकूम द्या."

"देतो! आत्ता देतो! दिवाण, लिहून घ्या, डुकरांना..."

"थांबा!"

श्रीयुत करकोचे पुढे आले होते. ते महाराजांच्या पंजाकडे बघत होते आणि त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर होते.

"कुणीही हात लावू नका," ते म्हणाले. "महाराज, पंजा जरा वर धरा. अजून वर. बस. काय ही रचना! खाली रक्त, वर गेरू लागलेले काटे, सगळं एका लाल रंगात. राजाच्या देहावरच अवकाश उघडला! समुद्रापलीकडेसुद्धा अजून कुणाची ही छाती झालेली नाही."

महाराज कण्हायचे थांबले. "कुणाचीच नाही?"

"कुणाचीच नाही."

"म्हणजे मी... कृती?"

"एकमेव!"

महाराजांनी पंजा थोडा उजेडाकडे वळवला. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण मान ताठ झाली होती. "मग राहू दे काटे," ते तुळसाला म्हणाले. "आणि तो हुकूम वगैरे... ते आपण पुढे कधीतरी बघू."

शेवंताने डोळे मिटून घेतले. सगळं संपलं, असं तिला वाटलं.

तुळसाने मात्र एक क्षण विचार केला. काटे तर आता कामाचे राहिले नव्हते. पण गेल्या आठ दिवसांत तिने करकोच्यांचं बरंच बोलणं ऐकून घेतलं होतं. तिने डोळे अर्धवट मिटले, एक पाय उचलून पाहिला, तोल जायला लागला तसा खाली ठेवला आणि म्हणाली, "कृती अपुरी आहे."

"काय?" महाराज दचकले.

"कलाकार मी आहे ना? मग मी सांगते. पहिला थर कातडं. दुसरा थर काटा. तिसरा थर कुठंय?"

करकोच्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं. त्यांचा चेहरा पडला.

"तिसरा थर हुकूम," तुळसा म्हणाली. "कृती रोज सकाळी बसते, समोर कुणीतरी पाच हातांवरून गाऱ्हाणं सांगतं आणि कृती हुकूम देते. तो पाळला गेला, तरच थर धरतो. नाही पाळला, तर उरले दोनच. आणि दोन थर म्हणजे काय, ते यांना विचारा."

महाराजांनी करकोच्यांकडे पाहिलं. करकोचे अडकले होते. काल भर सभेत छातीठोकपणे सांगून बसले होते.

"सजावट," ते पुटपुटले.

"सजावट?" महाराज इतक्या जोरात ओरडले की पंजातून कळ थेट खांद्यात गेली. "मी सजावट? डुकरांना म्हणावं, या घटकेला पाणवठा सोडा! आणि पाळला जातोय की नाही ते बघायला दिवाण, तुम्ही स्वतः जा!"

दुपारपर्यंत पाणवठा मोकळा झाला. डुकरांचा म्होरक्या जाता जाता म्हणाला, की हा थर त्याला तितकासा भिडला नाही. गाळ बसेपर्यंत संध्याकाळ झाली. मग शेवंताची चारही पिल्लं काठावर ओळीने बसली आणि पाणी प्यायली. धाकट्याला तुळसाने मानेला धरून पाजलं. तो प्यायला, जरा थांबला आणि पुन्हा प्यायला. तुळसा तिथेच बसून रडली. तिच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि तिला त्या नकोच होत्या.

श्रीयुत करकोचे होळीच्या सुमारास उडून गेले. महाराज अजून बसतात. पंजा सुजून भोपळ्याएवढा झालाय, भोवती वेलीची दोरी आहे, आणि समोर रोज सकाळी गाऱ्हाणी सांगणाऱ्यांची रांग लागते. हात पुढे जात नाही, कारण तो हलला की रचना मोडते. अंगात ताप असतो, पण कुणी जवळ येऊन काटे काढू का विचारलं, तर ते खवळून सांगतात, "लांबून बघा!"

तात्पर्य : राजाला कलेची आवड असेल तर प्रजेचं कल्याण होतं, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. लिहून घ्या, मार्क मिळतील. पण मोठे झालात आणि असा एखादा राजा तुमच्या वाट्याला आला, तर त्याला चित्रं दाखवत बसू नका. त्यालाच दोरीच्या आत बसवा आणि लांबून वाहवा करत राहा.